३५ वर्षांनी हजेरी: सीमाभागातल्या शाळेची बॅच पुन्हा कशी जमवावी

आमची एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीची, बॅच १९८९ची. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं मराठी माध्यमाचं हायस्कूल, दोन तुकड्या, आजूबाजूच्या सात गावांतली मुलं-मुली. २८ जानेवारी २०२४ला, रविवारी, आम्ही त्याच शाळेच्या पटांगणात परत जमलो. त्याआधीचे नऊ महिने मी त्या कामात होते. तेव्हापासून खानापूर आणि निपाणी भागातल्या ओळखीच्या बॅचवाल्यांचे फोन येतात, ‘तुम्ही कसं केलंत ते सांगा.’ म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

एक गोष्ट आधी सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मेळाव्याचं खरं काम यादीचं असतं. मांडव, जेवण, फेटे, फोटोग्राफर हे पंधरा दिवसांत होतं. यादीला महिने लागतात. आमच्या बॅचमधले एकमेकांच्या संपर्कात असलेले वीसेक जण काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात जेवायला जमले होते आणि ‘आमची बॅच’ म्हणून फोटो सगळीकडं फिरला. मी तो माझ्या भाच्याच्या मोबाइलवर पाहिला. त्यात मी नव्हते, माझ्या बाकावरची एकही नव्हती, शेवटच्या दोन बाकांवरचं कुणी नव्हतं. त्या मुलांनी काही वाईट हेतूनं केलं नव्हतं. ज्यांचे नंबर होते त्यांना बोलावलं, एवढंच. पण ज्यांचे नंबर नसतात त्यांनाच तर शोधायचं असतं.

आधी पाच माणसं

एकट्यानं हे होत नाही आणि पंधरा जणांच्या कमिटीनंही होत नाही. पाच जण पुरतात, पण ते नीट निवडा. शाळेच्या गावातच राहणारा एक, ज्याला चावडीपासून दूध डेअरीपर्यंत सगळे ओळखतात. बेळगाव शहरात असलेला एक, म्हणजे सामान, छपाई, गाडी ही कामं होतात. एक पुण्या-मुंबईकडचा, कारण आपल्याकडची निम्मी मुलं कामासाठी तिकडंच गेलेली असतात. आणि दोन बायका. एक नव्हे, दोन. एकटीला बैठकीला बोलावलं तर ती घरातून निघताना चार प्रश्नांना उत्तरं देते. दोघी असल्या की निघणं सोपं होतं.

हिशेब कुणी ठेवायचा हे पहिल्याच बैठकीत ठरवा. आमच्याकडं कृषी पत्तीन (पतपुरवठा) सोसायटीत काम केलेला एक मित्र होता. त्यानं चाळीस पानी वही घातली आणि शेवटपर्यंत रुपयाचाही प्रश्न आला नाही.

यादी: बाकावरून सुरुवात करा

लोक थेट शाळेत जाऊन रजिस्टर मागतात. त्याआधी एक दिवस आठवणीला द्या. मोठा कागद घ्या, वर्गाचा नकाशा काढा, मुलींची रांग इकडं, मुलांची तिकडं, आणि बाकागणिक नावं भरा. ‘खिडकीजवळ कोण बसायचं?’ असं विचारलं की नाव येतं. ‘वर्गात कोण कोण होतं?’ म्हटलं की दहा नावांवर गाडी अडते. आडनाव आठवत नसेल तर गाव लिहा, टोपणनाव लिहा, ‘सायकलवाला’ एवढंच लिहिलं तरी चालेल. पहिल्या दिवशी आमची ५२ नावं झाली.

मग शाळा. जनरल रजिस्टरात प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, शाळेत आल्याची आणि सोडल्याची तारीख असते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि फक्त नाव व गाव उतरवून घ्या. त्या पानावर जन्मतारीख, जात, आईवडिलांची माहितीही असते. ती तुमच्या कामाची नाही. पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. आमचे मुख्याध्यापक स्वतः वाचत गेले आणि आम्ही लिहीत गेलो. दीड तास लागला, पण ते बरोबर झालं.

आणि इथं एक निर्णय घ्यावा लागतो. बॅच कुणाची? आमच्यात काहींचं म्हणणं होतं, जे एसएसएलसीला बसले ते. मी आणि आणखी एक मैत्रीण अडून बसलो: आठवीत जे जे आपल्या वर्गात आले ते सगळे. आपल्या भागात आठवी-नववीत शाळा सुटलेली मुलं कमी नव्हती. कुणी बेळगावात वडगाव-शहापूरला कापडाच्या मागावर कामाला गेला, कुणी उद्यमबागेत फाउंड्रीत हेल्पर लागला, कुणी गवंड्याच्या हाताखाली गोव्याला. मुलींची तर नववीतच लग्नं ठरायची. दहावीत नापास झालेले मित्र मेळाव्याला यायला सगळ्यात जास्त कचरतात. त्यांची नावं सुरुवातीपासून यादीत असली, आणि तसं त्यांना फोनवर सांगता आलं, तर ते येतात. असं मोजल्यावर आमची यादी ९४वर गेली.

आता नंबर मिळवायचे. गावागणिक वेगळा कागद करा आणि त्या गावचा एक माणूस नेमा. दूध डेअरी, रेशन दुकान, सोसायटी, गावचं भजनी मंडळ, ह्या ठिकाणी सकाळी एक फेरी मारली की पाच-सहा जणांचा पत्ता लागतो. फौजेत गेलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळं आपल्या प्रत्येक वर्गातले काही जण भरती झालेले असतात आणि आता बहुतेक रिटायर होऊन परत आलेत. कॅम्पातल्या कॅन्टीनला येणाऱ्या एका माजी सैनिकाला नावं द्या, तो चार जणांना विचारून आणून देतो.

मैत्रिणींना शोधणं

इथं घाई करू नका. माझ्या अनुभवात निम्मा वेळ यातच जातो.

मुलगा पुण्याला गेला तरी त्याचं नाव तेच राहतं. आपल्याकडं मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण लग्नात पहिलं नावही बदलतात. माझं बदललं. माहेर बेळगाव तालुक्यात आणि सासर चंदगड तालुक्यात, मध्ये फक्त शिनोळीची हद्द. एसटीनं तासाभराचं अंतर. तरी मला वर्गातल्या कुणी शोधू शकलं नसतं, कारण ज्या नावानं ते शोधणार ते नाव आता फक्त माझ्या दहावीच्या मार्क्स कार्डावर आहे. फेसबुकवर जुन्या नावानं शोधून मुली सापडत नाहीत, हे आधीच मनाशी धरा.

त्या माहेरातून सापडतात. पण माहेरी कोण विचारायला जातं, हे महत्त्वाचं. अनोळखी पुरुषानं जाऊन ‘तुमच्या बहिणीचा नंबर द्या’ म्हटलं तर भाऊ देणार नाही आणि त्यानं देऊही नये. आम्ही दोघी मैत्रिणी घरोघर गेलो, चहा घेतला, शाळेचा जुना ग्रुप फोटो दाखवला, आणि नंबर मागितलाच नाही. आपला नंबर चिठ्ठीवर लिहून दिला: ‘तिला सांगा, मनात आलं तर फोन कर.’ बहुतेकींचे फोन त्याच आठवड्यात आले. एकीचा रात्री साडेदहाला आला, भांडी घासून झाल्यावर. पहिलं वाक्य होतं, “खट्टे हैस गे एवढी वर्षं?” (कुठं आहेस गं?) मग बराच वेळ दोघी बोललोच नाही.

माहेरी आता कुणी राहिलं नसेल तर जाऊबाई, नणंद, त्या गावात दिलेली दुसरी मुलगी, अशी साखळी धरा. आपल्या गावांतल्या मुली चंदगड, गडहिंग्लज, आजरा, खानापूर आणि गोव्याकडं मोठ्या संख्येनं दिलेल्या आहेत, तेव्हा एकीकडून दोघींचा माग लागतो. आणि गावची महालक्ष्मी यात्रा जवळ असेल तर ती संधी सोडू नका. अनेक गावांत ही यात्रा बऱ्याच वर्षांच्या अंतरानं भरते आणि तेव्हा लांबलांबच्या माहेरवाशिणी हमखास येतात. आम्हाला एका यात्रेत दोन दिवसांत सहा जणी भेटल्या.

फोनवर पहिल्यांदा बोलताना काय विचारायचं नाही, हेही ठरवून घ्या. मुलं किती, मालक काय करतात, घर स्वतःचं का, हे नको. काही जणी एकट्या आहेत, काहींना मूल नाही, काहींनी फार सोसलंय. ‘तू कुठल्या बाकावर बसायचीस आठवतंय काय?’ इथून सुरू करा. बाकीचं ती तिच्या मनानं सांगते.

जे राहिले नाहीत

पन्नाशीतल्या बॅचमध्ये काही नावं अशी निघणारच. आमच्यात नऊ. ऐकीव बातमीवर विश्वास ठेवू नका, आमच्याकडं एका धडधाकट मित्राला ‘तो गेला’ म्हणून सांगितलं गेलं होतं. घरी जाऊन खात्री केल्याशिवाय ग्रुपवर काही लिहायचं नाही, असा नियम करा. घरी जाल तेव्हा दोघांनी जा, मेळाव्याचं सांगा, आणि विचारा: त्याचं नाव हजेरीत घेतलेलं चालेल का, घरातलं कुणी येईल का. एका घरी ‘नाव घेऊ नका, आईला सोसणार नाही’ म्हणाले. आम्ही घेतलं नाही. दुसऱ्या घरची आईच आली. तिच्याबद्दल पुढं सांगते.

ग्रुप

व्हॉट्सअॅप ग्रुप यादी निम्मी झाल्यावर काढा, आधी नको. आणि विचारल्याशिवाय कुणाला त्यात घालू नका, विशेषतः मैत्रिणींना. ग्रुपमध्ये आलं की नंबर सगळ्यांना दिसतो. काही घरांत त्यावरून भांडणं होतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांना ग्रुप नको त्यांना प्रत्येक निरोप फोनवर द्यायचं काम दोघींनी वाटून घ्या.

नियम तीन ठेवले आणि ते लिहून पिन केले. राजकारण नाही. फॉरवर्ड केलेले मेसेज नाहीत. मैत्रिणींना थेट वैयक्तिक मेसेज करायचा असेल तर आधी ग्रुपवर विचारायचं. सीमाप्रश्नाबद्दल स्वतंत्र सांगते. तो आपल्या सगळ्यांच्या जिवाचा विषय आहे. पण त्याच वर्गातला कुणी आज कर्नाटक सरकारच्या नोकरीत असतो, कुणाची मुलं कन्नड शाळेत असतात, कुणाची सून कन्नड असते. ग्रुपवर एकानं दुसऱ्याची निष्ठा तपासायला सुरुवात केली की माणसं गप्प होतात आणि मग मेळाव्याला येत नाहीत. आमच्याकडं एकदा असं पेटलं. गावातल्या मित्रानं दोघांनाही फोन करून आपल्या घरी बोलावलं, समोरासमोर बसवलं, आणि ते तिथंच मिटलं. लिहून उत्तर देत बसला असता तर मिटलं नसतं.

तारीख

आपल्या भागात तारीख काढणं म्हणजे पंचांगाबरोबर बरंच काही बघावं लागतं. १ नोव्हेंबर आणि त्याच्या मागचे-पुढचे दिवस सोडा. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस एकाच दिवशी, शहरात बंदोबस्त, बाहेरून येणाऱ्यांचे हाल. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बेळगावात लॉजवर खोली मिळणं मुश्कील. वाद चिघळला की बसही थांबतात, डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राच्या एसटी फेऱ्या बंद ठेवल्या होत्या. म्हणून हद्दीपलीकडून येणाऱ्यांसाठी दोन-तीन खासगी गाड्यांची सोय आधीच बोलून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबर भाताची सुगी, जून-जुलै पेरणी-लावणी, शेतावरचा माणूस तेव्हा येऊ शकत नाही. उन्हाळ्यात लग्नं. बेळगावची शिवजयंती वैशाखात, परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री शहरातून गाडी निघत नाही. शाळांच्या सुट्ट्याही जुळत नाहीत: कर्नाटकात ऑक्टोबरमध्ये दसऱ्याची मोठी सुट्टी, महाराष्ट्रात दिवाळीची.

हे सगळं वगळून आम्हाला जानेवारीचा शेवट सापडला. २०२४ला २६ जानेवारी शुक्रवारी आली, त्यामुळं पुण्या-मुंबईवाल्यांना जोडून तीन दिवस मिळाले. तारीख चार महिने आधी जाहीर करा आणि मग काही झालं तरी बदलू नका.

जागा, पैसे, जेवण

जागा शाळाच. मंगल कार्यालयात आराम असतो, पण पाय शाळेत आपोआप जुन्या वर्गाकडं वळतात, ते दुसरीकडं होत नाही. मुख्याध्यापक आणि संस्थेची लेखी परवानगी घ्या, सरकारी शाळा असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसलाही अर्ज करा. स्पीकर लावणार असाल तर पोलिस ठाण्याचा अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या.

वर्गणी ठरवताना एक आकडा सगळ्यांना सक्तीचा करू नका. आम्ही आकडा सांगितला, पण ‘ज्याला जमेल तसं, नाही जमलं तरी यायचंच’ असं प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगितलं. कुणी किती दिले हे फक्त वहीवाल्याला माहीत. देणगीदारांच्या नावांची पाटी लावायची नाही, हेही ठरवलं. मेळावा झाल्यावर एकूण जमा-खर्च ग्रुपवर टाकला.

जेवण साधं आणि आपलं. गावच्याच आचाऱ्याकडून भात-आमटी, पुरी, बटाट्याची भाजी, आणि शेवटी बेळगावी कुंदा. बाहेरून आलेल्यांनी कुंदा दोनदा मागून घेतला. आदल्या रात्री काही मित्रांना ओली पार्टी हवी होती. त्यांना स्पष्ट सांगितलं, ती करा, पण वेगळ्या दिवशी आणि बॅचच्या नावानं नको. मेळाव्याला पुढच्या वेळी किती बायका येतील हे यावर ठरतं.

गुरुजन

शिक्षकांकडं पत्रिका पाठवू नका, जा. तीन महिने आधी गेलात तर बरं, कारण काहींची तब्येत बघून ठरवावं लागतं. प्रत्येकासाठी एक गाडी आणि एक विद्यार्थी नेमा, तो त्यांना घरून आणेल, दिवसभर जवळ बसेल, औषधाची वेळ बघेल आणि परत सोडेल. कन्नड शिकवणाऱ्या सरांना विसरू नका. आमचे कन्नडचे सर हुबळीकडून आले, मराठीत बोलले आणि एका मित्राला कन्नड बाराखडी म्हणायला लावून आम्हाला खूप हसवलं. सत्कार अर्ध्या तासात आटपा. ज्यांना येता आलं नाही त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन जा.

त्या दिवशी

सकाळी नऊला नाष्टा, दहाला घंटा, तीच जुनी लोखंडी पट्टी. मग प्रार्थना आणि वर्गात आपापल्या बाकावर. ओळख करून देताना प्रत्येकाला दोन मिनिटं आणि तीनच गोष्टी: राहतो कुठं, सध्या दिवस कसा जातो, शाळेतली एक आठवण. हुद्दा सांगायचा नाही, असं आधीच ठरवा. बँकेत मॅनेजर असलेला मित्र ‘सकाळी उठून बागेला पाणी घालतो’ म्हणाला, आणि त्याच्या मागं उठलेल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या मित्राला बोलणं सोपं गेलं.

पण सगळ्यात आधी हजेरी. ही कल्पना नक्की करा. आमच्या मराठीच्या बाई आता ऐंशीच्या घरात. त्यांच्यासाठी आम्ही यादी मोठ्या अक्षरात, एका पानावर दहाच नावं, अशी छापून घेतली होती. नावं जुनी: मुलींची माहेरची, वडिलांच्या नावासकट. बाईंनी चष्मा पुसला, खुर्चीत सरळ बसल्या आणि त्याच आवाजात पहिलं नाव घेतलं. माझं नाव आलं तेव्हा मला कळायलाच दोन क्षण लागले. त्या नावानं मला तीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. “हजर,” म्हणताना मी उभी राहिले होते, सगळ्याच जणी उभ्या राहत होत्या, कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका मित्राचं नाव आलं, जो २००७ साली गेला. बाईंनी नाव घेतलं आणि थांबल्या. दाराजवळच्या खुर्चीवर त्याची आई बसली होती, नऊवारीत, मांडीवर पिशवी. तिनं तिथूनच सांगितलं, “मी आलोय की, बाई.” आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात, ‘आलो, जातो’. बाईंनी मान हलवली, त्या नावापुढं पेन्सिलीनं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

९४ नावांपैकी त्या दिवशी ६१ जण आले. हजेरीची ती छापील पानं शाळेनं मागून घेतली, मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटात आहेत.

नंतरचं

मेळावा झाल्यावर महिनाभर ग्रुपवर फोटो येतात आणि मग शांत होतं. त्या महिनाभरात दोन कामं उरकून घ्या. एक, शाळेला काय हवं ते मुख्याध्यापकांनाच विचारा, आपल्या मनानं ठरवू नका. आमच्या मनात ध्वजस्तंभाचा कट्टा होता. त्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी आणि नळ मागितले. तेच केलं. सीमाभागात मराठी शाळांचा पट घटतोय, तेव्हा गरजेची वस्तू वेळेवर पोचणं महत्त्वाचं. सरकारी शाळा असेल तर वस्तू एसडीएमसी, म्हणजे शाळेच्या विकास समितीमार्फत द्या आणि पावती घ्या.

दुसरं, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा ते ठरवून ठेवा. आसपासच्या तालुक्यांतला माणूस मोठ्या आजाराला बेळगावलाच येतो. शहरात राहणाऱ्या आमच्या चौघांचे नंबर सगळ्यांना दिलेत: दवाखान्यात कुणी दाखल झालं तर आधी त्यांना सांगायचं. कुणी डबा नेतं, कुणी रात्री थांबतं. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडची मैत्रीण नवऱ्याला घेऊन अकरा दिवस होती, तिला एकही डबा विकत घ्यावा लागला नाही.

यादी मात्र बंद करू नका. आमच्या यादीत अजून तीन नावांपुढं नंबर नाही. त्यातली एक माझ्याच बाकावरची, नववीत शाळा सुटलेली, धनगरवाड्यावरून पाच किलोमीटर चालत यायची आणि पावसाळ्यात दप्तर इरल्याखाली छातीशी धरायची. आईवडील गेले, भाऊ कामासाठी कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. पण त्यांच्या गावची यात्रा येत्या एप्रिलमध्ये आहे. मी दोन दिवस आधीच जाणार आहे, ग्रुप फोटो पिशवीत घालून.